दगडी वऱ्हाड आणि आन्ना आयाची कथा

गेल्या मार्गशीर्षात काही कामानिमित्त आम्हास अंबाजोगाईस दोन दिवस राहावे लागले. योगेश्वरीच्या उत्सवाचे दिवस असल्यामुळे गावात गर्दी होती. आम्ही एका ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरलो होतो. घरात आजी, त्यांचा मुलगा, सून आणि सात वर्षांची नात एवढीच माणसे. रात्रीची प्रार्थना आटोपल्यावर सूनबाईंनी आपली एक तक्रार आमच्यापुढे मांडली. मुलीने टीव्हीवर कसलीशी चित्रमालिका पाहिली होती. मालिकेचा तो एक भाग जुन्या जर्मन परीकथेवर बेतलेला होता. राजाचा एकनिष्ठ सेवक धन्याचे प्राण वाचवण्यासाठी तोंडातून खरे काढतो, आणि खरे बोलताच पायांपासून मस्तकापर्यंत दगड होतो. त्याला पुन्हा माणूस करायचे तर राजाने स्वतःच्या हाताने आपली दोन्ही मुले मारावीत, असा पेच. चित्रकारांनी रक्त दाखवलेले नव्हते. भिंतीवर तलवारीची सावली तेवढी दाखवली होती. पण त्या सावलीनेच घात केला. पोर तीन रात्री धड झोपली नव्हती, आणि वडील जवळ आले की बिछान्यावर उठून बसत होती.

"फादर, असलं बघणं पाप आहे असं तुम्हीच तिला सांगा. आमचं ऐकत नाही," सूनबाई म्हणाल्या.

आम्ही काही बोलण्यापूर्वीच आजी कोपऱ्यातून म्हणाल्या, "दगड व्हायला त्या टीव्हीत कशाला जायला पायजे? आपल्या गावात आख्खं वऱ्हाड दगड झालंय की."

सूनबाई ओशाळल्या. आजींनी धर्मगुरूंसमोर नको ते काढले, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. तो चेहरा पाहून आम्हासच ओशाळल्यासारखे झाले. तसे होण्याचे कारण पुढे येईलच. आधी त्या वऱ्हाडाची हकीकत सांगितली पाहिजे, कारण वसई, मुंबई वा पुण्याच्या आपल्या वाचकांस ती ठाऊक असण्याचा संभव कमी.

अंबाजोगाई हे बालाघाटाच्या डोंगररांगेवर वसलेले, बीड जिल्ह्यातील जुने गाव. निजामाच्या अमदानीत त्याचे नाव मोमिनाबाद होते. योगेश्वरी अथवा जोगाई ही येथील देवता. कोकणस्थ ब्राह्मणांपैकी अनेक घराण्यांची ती कुलदेवता आहे. कोकण कोठे आणि बालाघाट कोठे! हे अंतर कसे तुटले, याचे उत्तर लोकांनी एका कथेने दिले आहे. येथून पंचवीसेक किलोमीटरवर परळी आहे, आणि तेथे वैजनाथाचे विख्यात देवस्थान आहे. जोगाईचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला. कोकणातून नवरीचे वऱ्हाड निघाले. हत्ती, वाजंत्री, करवल्या, सारा लवाजमा बरोबर होता. वाट लांबची आणि घाटाची. वऱ्हाड येथवर पोचले तोवर मुहूर्त टळून गेला. लग्न राहिले. सारे वऱ्हाड जागच्या जागी शिळा झाले, आणि नवरी कुमारिकाच राहून याच गावी ठाण मांडून बसली.

गावाबाहेर जयंती नदीच्या बाजूस खडकात खोदलेली लेणी आहेत. शिवलेणी हे त्यांचे एक नाव. लोक मात्र हत्तीखाना म्हणतात. मोकळ्या अंगणात दगडी हत्ती उभे आहेत, मध्ये नंदीचा मंडप आहे, आणि मागे खांबांच्या रांगा असलेला प्रशस्त सभामंडप. त्यांचा काळ साधारणतः अकराव्या शतकाच्या आसपासचा सांगितला जातो. संध्याकाळी उन्हे उतरू लागली की ते झिजलेले हत्ती खरोखरच कोणाची तरी वाट पाहत थबकल्यासारखे दिसतात. ज्याने प्रथम त्यांकडे पाहून "हे वऱ्हाड असावे" असे म्हटले, त्याला आम्ही खोटारडा म्हणणार नाही. दगडाला अर्थ हवा होता, तो त्याने दिला.

इतिहासाच्या अभ्यासकाला हे पटणार नाही, आणि पटूही नये. लेणी आधी, कथा नंतर, हा क्रम उघड आहे. खोदणारे कारागीर आणि त्यांना दाम देणारे राजे यांचा विसर पडला, अंगणातले हत्ती तेवढे मागे उरले, आणि त्या हत्तींना साजेल अशी हकीकत लोकांनी रचली. अशा हकीकती महाराष्ट्रात जागोजागी आहेत. सह्याद्रीत 'नवरा-नवरी' या नावाचे सुळके एकाहून अधिक ठिकाणी दाखवले जातात. आणि हे आपल्याच देशात घडते असेही नाही. इंग्लंडात सॉमरसेट परगण्यात स्टँटन ड्रू नावाचे खेडे आहे. तेथे प्रागैतिहासिक काळातील प्रचंड शिळांची तीन वर्तुळे आहेत. जॉन ऑब्री हा पुराणवस्तूंचा अभ्यासक १६६४ साली तेथे गेला, तेव्हा गावकरी त्या शिळांना 'लग्न' असेच म्हणत होते. तेथील कथा अशी की, शनिवारी लग्न लागले, नाचगाणे रंगले, मध्यरात्र झाली तसा वादक थांबला, कारण प्रभूचा दिवस सुरू झाला होता. नवरी हट्टाने म्हणाली, नाच थांबणार नाही. तेव्हा एक अनोळखी वादक पुढे आला. तो सैतान होता. पहाटे पाहावे तो सारे वऱ्हाड दगड! तीन शिळा जरा बाजूला उभ्या आहेत. त्यांना नवरा, नवरी आणि पाद्रीबुवा म्हणतात. पाद्रीबुवांचीही सुटका झाली नाही, याची आम्ही नोंद घेतली आहे.

या दोन कथा शेजारी ठेवल्या की एक भेद डोळ्यांत भरतो. सॉमरसेटची कथा ख्रिस्ती लोकांनी रचली, आणि तिच्यात धाक आहे: रविवार मोडलात तर दगड व्हाल. अंबाजोगाईच्या कथेत कोणाचे पाप नाही. वाट लांब होती, वेळ गेली, एवढेच. म्हणूनच ती अधिक चटका लावते. तिच्यात शिक्षा नाही, केवळ चुकामूक आहे. मुलीचे लग्न काही कारणाने राहून गेले की त्या घरावर कशी कळा येते, हे आपल्या धर्मग्रामांत काम करणाऱ्या कोणाही धर्मगुरूस सांगावे लागत नाही. देणे-घेणे फिसकटते, कोणी आजारी पडते, दुष्काळाचे वर्ष येते, आणि मग मुलगी तशीच घरात राहते. तिचा दोष काहीच नसतो.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभूने दहा कुमारिकांचा दाखला दिला आहे. तेथेही लग्न आहे, रात्र आहे, उशीर आहे आणि शेवटी बंद झालेले दार आहे. पण तेथे उशीर वराकडून होतो, आणि प्रश्न असतो तो जागे राहण्याचा. बालपणी हा दाखला ऐकताना आम्हास दाराबाहेर राहिलेल्या पाच जणींचीच काळजी वाटे. रात्रीच्या वेळी त्या कोठे गेल्या असतील? सेमिनरीत या प्रश्नास जागा नव्हती. तेथे आम्हास दाखल्याचा अर्थ शिकवला, आणि तो योग्यच शिकवला. परंतु सात वर्षांच्या मुलाला अर्थाआधी ते दार दिसते. तसेच उत्पत्तीच्या एकोणिसाव्या अध्यायातील लोटाच्या पत्नीचे. तिने मागे वळून पाहिले आणि ती मिठाचा खांब झाली. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही ही हकीकत सांगितली, तेव्हा एका मुलाने विचारले होते, "फादर, तिची पोरं मागं नव्हती ना राहिली?" पवित्र शास्त्रातही काळजाचा ठोका चुकवणाऱ्या कथा आहेत, हे मान्य केल्यावाचून टीव्हीवरील कथांस पाप म्हणण्याचा अधिकार आम्हास उरत नाही.

आता त्या जर्मन कथेकडे वळू. तिचे नाव 'एकनिष्ठ योहान्नेस'. याकोब आणि विल्हेल्म या ग्रिम बंधूंचा कथासंग्रह प्रथम १८१२ साली निघाला. ही कथा त्यात १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे. ती त्यांस मिळाली डोरोथिया फीमान या बाईंकडून. कासेल शहराजवळच्या खेड्यातील ही शिंप्याची बायको. शहरात भाजीपाला विकायला येई आणि कथा सांगे. कथेत तीन डोमकावळे भविष्य बोलतात: राजावर घोड्याचे संकट येईल, विवाहवस्त्राचे येईल, आणि राणी नाचता नाचता कोसळेल. जो वाचवील त्याने कारण सांगू नये; सांगेल तो दगड होईल. योहान्नेस तिन्ही वेळा वाचवतो, राजाचा संशय ओढवून घेतो, फाशीच्या खांबाखाली उभा राहून खरे सांगतो आणि दगड होतो. राजा ती मूर्ती आपल्या पलंगाशेजारी ठेवतो. पुढे जुळी मुले होतात. एके दिवशी राणी देवळात गेली असता मूर्ती बोलू लागते: मुलांची मस्तके तोड, त्यांचे रक्त मला लाव. राजा तसे करतो. योहान्नेस जिवंत होतो आणि मुलांची मस्तके पुन्हा जागेवर बसवतो. मुले काही घडलेच नाही अशी खेळू लागतात.

आमच्यासारख्यास येथे अब्राहाम आणि इसहाक आठवल्याशिवाय राहत नाहीत. परंतु मोरिया डोंगरावर देवाने अब्राहामाचा हात धरला. सुरी मुलाच्या गळ्यापर्यंत पोचली नाही. येथे पोचते. कथेचा शेवट गोड केला म्हणून मधली घटना पुसली जात नाही, आणि मुलीने नेमके तेच ओळखले होते. तिला दगड झालेल्या माणसाचे भय नव्हते. भय होते ते मुले मारणाऱ्या बापाचे. आईला वाटले पोर भुताला भ्याली. पोर बापाकडे पाहत होती.

आजींचे वाक्य ऐकून आम्हास ओशाळल्यासारखे का झाले, ते आता सांगतो. आम्हास गुरुदीक्षा मिळून फार दिवस झाले नव्हते तेव्हाची ही गोष्ट. मराठवाड्यातील एका खेड्यात आमची नेमणूक होती. या भागात कॅथलिक मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले आणि १९७७ साली औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. तेथील कित्येक कुटुंबांत श्रद्धा तीन-चार पिढ्यांचीच आहे. त्या खेड्यात एक वृद्धा संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर मुले जमवून कथा सांगत असे. त्यांत जोगाईचे वऱ्हाड असे, बोलणारे पक्षी असत, सात समुद्रापलीकडची राजकन्या असे. आम्ही उत्साहाच्या भरात एका रविवारी प्रवचनात, नाव न घेता, देवळाच्या दारात भाकडकथा सांगणाऱ्यांचा समाचार घेतला. नाव घेण्याची गरजच नव्हती. त्या संध्याकाळपासून ओटा रिकामा राहिला. दोन वर्षांनी त्या वारल्या. दफनविधीनंतर त्यांचा नातू आम्हास म्हणाला की त्या दिवसानंतर आजीने घरातसुद्धा कथा सांगितली नाही. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते अधिक लागले.

गैर-ख्रिस्ती परंपरांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑक्टोबर १९६५ मध्येच जाहीर केले होते. आम्ही ते शिकलो होतो, त्यावर परीक्षाही दिली होती. त्याआधी कितीतरी शतके, इ. स. ६०१ मध्ये, पोप थोर ग्रेगरी यांनी इंग्लंडातील मिशनऱ्यांस कळवले होते की लोकांची जुनी मंदिरे पाडू नका. हेही पाठ होते. प्रवचनाच्या वेळी यातले काहीएक आठवले नाही.

मग एका पुस्तकाची गाठ पडली. पुण्यातील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात ते आम्हास मिळाले. मेरी फ्रिअर यांचे 'ओल्ड डेक्कन डेज', लंडनमध्ये १८६८ साली प्रसिद्ध झालेले. मेरी ही मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांची कन्या. १८६५ च्या हिवाळ्यात गव्हर्नरसाहेब दख्खनच्या दौऱ्यावर निघाले. आई विलायतेस गेलेली, छावणीत बरोबरीची दुसरी कोणी स्त्री नाही, अशा स्थितीत मेरीने आपल्या आयेला कथा सांगण्याची गळ घातली. त्या आयेने सांगितलेल्या कथा मेरीने लिहून घेतल्या. लोकांच्या तोंडून ऐकून इंग्रजीत छापलेल्या भारतीय लोककथांच्या अगदी पहिल्या संग्रहांत या पुस्तकाची गणना होते. चित्रे मेरीच्या बहिणीने, कॅथरिनने काढली. आणि आयेचे नाव होते आन्ना लिबेराता डिसोझा.

होय, आन्ना ख्रिस्ती होती. पुस्तकाच्या आरंभी तिची स्वतःची हकीकत छापली आहे. लोककथांच्या संग्रहात कथा सांगणाऱ्या बाईला एवढे मानाचे स्थान त्या काळी क्वचितच मिळे. आन्नाचे पूर्वज लिंगायत, मूळचे कालिकतचे. मग ते गोव्याजवळ येऊन राहिले, आणि तेथे आजोबांनी कुटुंबासह ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आजोबांच्या वडिलांनी संतापून त्यांस घराबाहेर काढले. आजोबा इंग्रजांच्या फौजेत हवालदार झाले. आजी धिप्पाड आणि खंबीर. पलटण जाईल तिकडे पायी चालत गेली, टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेतही. त्या आजीकडूनच आन्नाने या साऱ्या कथा ऐकल्या. आन्नाचे पुढील आयुष्य कष्टाचे गेले. नवरा वारला, आणि एकुलता मुलगा पुण्यात नदीत बुडाला. ज्या बाईने गव्हर्नरच्या मुलीला राजपुत्र आणि राजकन्यांच्या कथा सांगितल्या, तिच्या घरी ही अवस्था होती.

धर्मांतरामुळे घरातून हाकलली गेलेली, पलटणीमागून मुलूख तुडवणारी एक ख्रिस्ती आजी नातवंडांना दख्खनच्या कथा सांगत राहिली. तिला कोणी धर्मगुरूने अडवले नाही, हे आपले भाग्य. अडवले असते तर त्या पुस्तकातला एक मोठा ठेवा बुडाला असता. हे वाचताना आम्हास तो रिकामा ओटा दिसत होता.

या संग्रहात 'रामा आणि लक्ष्मण' या अर्थाच्या शीर्षकाची एक कथा आहे. रामायणाशी तिचा नावापुरताच संबंध. रामा हा राजपुत्र, लक्ष्मण हा वजिराचा मुलगा, दोघे जिवलग मित्र. राजकन्येला घेऊन परत येताना रात्री झाडावरच्या घुबडांचे बोलणे लक्ष्मणाच्या कानी पडते. कुजकी फांदी कोसळेल, कमान ढासळेल, आणि शेवटी झोपलेल्या राणीजवळ नाग येईल. लक्ष्मण नागाला मारील, पण रक्ताचा थेंब राणीच्या कपाळावर उडेल. तो पुसताना रामा जागा होईल, मित्राबद्दल भलता संशय घेईल, कठोर बोलेल, आणि त्या बोलण्याने लक्ष्मण दगड होईल. सारे तसेच घडते. ग्रिमच्या योहान्नेसची ही सख्खी भावंडकथा आहे, हे कोणीही ओळखील. डोमकावळ्यांच्या जागी घुबडे आहेत, एवढेच. कासेलच्या भाजीवालीची आणि पुण्याच्या आयेची कथा एक कशी, यावर पंडितांनी बरेच लिहिले आहे. त्यात आम्ही शिरत नाही.

आम्हास महत्त्वाचा वाटतो तो शेवट. लक्ष्मण किती काळ दगड राहील? आठ वर्षे. आणि मग? रामा-राणीस मूल होईल. ते रांगू लागेल, उभे राहू पाहील, आणि आधारासाठी त्या दगडी मूर्तीला मिठी मारील. त्या स्पर्शाने लक्ष्मण पुन्हा माणूस होईल.

येथे तलवार नाही, रक्त मागणारी मूर्ती नाही. बापाने काहीच करायचे नाही; वाट पाहायची. उठून उभे राहण्यासाठी मूल आपणहून जो हात पुढे करते, तेवढ्याने काम होते. दगडी हृदय काढून मांसाचे हृदय देण्याचे वचन यहेज्केलाच्या ग्रंथात आहे, त्याचे स्मरण आम्हास झाले. आन्नाला ते वचन ठाऊक होते की नाही, हा प्रश्न गौण आहे. कथेचा हा शेवट तिच्या आजीने घडवला की तिलाही तो कोणाकडून मिळाला, हाही प्रश्न आम्ही सोडून देतो. तिने तो असा सांगितला, एवढे छापील आहे. आणि सांगणाऱ्या त्या बाईचे स्वतःचे मूल पाण्याने नेले होते.

पुन्हा अंबाजोगाईकडे येऊ. या गावात मुलांच्या जिवावर बेतलेली आणखी एक कथा नांदते, ती दासोपंतांची. दासोपंत (१५५१–१६१५) हे येथील थोर दत्तभक्त कवी. पासोडी म्हणून प्रसिद्ध असलेल्या सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर त्यांनी वेदान्ताचा विषय ओव्या व आकृत्यांनी मांडला आहे. साष्टीत बसून ख्रिस्तपुराण रचणारे आपले फादर थॉमस स्टीफन्स त्यांचे समकालीन; १६१६ मध्ये, दासोपंतांच्या निधनानंतर वर्षभरात, ख्रिस्तपुराण छापून निघाले. दासोपंतांची चरित्रकथा सांगते की, वडिलांनी सरकारसारा न भरल्यामुळे बीदरच्या दरबाराने लहानग्या दासोला ओलीस ठेवले. महिन्याच्या आत रक्कम न आल्यास त्याला मुसलमान करण्यात येणार होते. शेवटच्या दिवशी दत्ताजी पाडेवार नावाचा एक अनोळखी माणूस आला, सारी रक्कम मोजून दिली आणि दिसेनासा झाला. ही कथा जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने इंग्रजीत आणली, १९२८ साली. प्रॉटेस्टंट मिशनरी असूनही त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे मराठी संतांची चरित्रे भाषांतरित करण्यात घालवली. या कामी ते आमच्या पुढे होते.

आणि दगडांविषयी बोलायचे तर अंबाजोगाईत दगडावर कोरलेली एक खरी हकीकतही आहे, तिच्यापुढे वऱ्हाडाची कथा आम्हास फिकी वाटते. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याचे वास्तव्य येथे होते. त्याचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत नर्मदेकाठी लढताना मारला गेला. रामाचा मुलगा अगदी लहान. तेव्हा रामाची बहीण लक्ष्मी हिने भाच्याच्या वतीने कारभार हाती घेतला आणि भावाच्या स्मरणार्थ रामनारायणाचे मंदिर बांधले. इ. स. १२४० च्या सुमाराचा शिलालेख हे सांगतो. गेलेल्या भावासाठी शोक करणारी बहीण, आणि तिच्या आधाराने वाढणारे लेकरू. लोकांनी या लक्ष्मीची कथा केली नाही. हत्ती दिसतात, अक्षरे वाचावी लागतात, हे त्याचे कारण असावे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही आजी व नात यांसह हत्तीखान्यात गेलो. मुलीने आधी लांबूनच हत्ती मोजले. मग विचारले, "आज्जे, यातली नवरी कोणती?"

"नवरी इथं न्हाई. ती दगड झाली न्हाई. ती देवळात ऱ्हायली."

"मग ती एकटीच?"

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. "एकटीच. पर सगळं कोकण तिला भेटाया येतं बघ."

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही आजींना आन्ना आयाची कथा सांगितली, आणि त्यांनी ती नातीला सांगावी अशी विनंती केली. आम्ही सांगितली असती तर तिचे प्रवचन झाले असते. आजींनी पहिल्याच वाक्यात घुबडांना गावच्या वडावर बसवले, आणि कमान अंबाजोगाईच्या वेशीची केली. त्या सांगत असता सूनबाई हातातले काम टाकून दारात उभ्या होत्या. टीव्हीसंबंधी आमचे मत त्यांनी नंतर विचारले. मुलीला पाहू द्यावे, पण शेजारी घरातले कोणीतरी बसलेले असावे, इतकेच आम्ही म्हणालो. हे त्यांस पुरेसे वाटले नाही, हे आम्हास दिसले.

मुलीने कथा दोनदा सांगायला लावली. दुसऱ्या वेळी मुलाने मूर्तीला मिठी मारली, लक्ष्मणाने डोळे उघडले, आणि आजी थांबल्या, तेव्हा ती म्हणाली, "आठ वर्षं त्यानं काहीच खाल्लं नव्हतं?"

"न्हाई."

"मग?"

"मग राणीनं चुलीवरची गरम भाकर दिली त्याला. पिठलं दिलं. दोन भाकरी खाल्ल्या त्यानं."

"तीन," मुलगी म्हणाली, आणि वडिलांच्या मांडीवर जाऊन झोपली.